पाण्याआधी पुरावा

मुंबईच्या वस्त्यांमध्ये दोन शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतात : पात्र आणि अपात्र. शाळेत पात्र म्हणजे भांडे असे शिकवतात. वस्तीत पात्र म्हणजे ज्याच्याकडे ठरलेल्या तारखेच्या आधीचा कागद आहे तो माणूस. मतदार यादीतले नाव, फोटोपास, विजेचे बिल, यातले काही त्या तारखेच्या अलीकडे नव्हे तर पलीकडे निघाले की माणूस पात्र. नाही निघाले तर तो अपात्र, मग त्याचे सगळे आयुष्य त्या गल्लीत गेलेले असले तरी.

ही तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, पुढे ती १ जानेवारी २००० झाली. झोपडी पाडली तर पर्यायी घर कोणाला द्यायचे, हे ठरवण्यासाठी ती आली. घर महाग असते, जमीन मर्यादित असते, तिथे कुठेतरी रेघ ओढावी लागते हे मी समजू शकतो. पण ही रेघ घरापाशी थांबली नाही, ती नळापर्यंत आली. १९९६ सालच्या एका शासकीय परिपत्रकाने तारखेनंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचे नाही असे सांगितले आणि त्या दिवसापासून या शहरात तहान लागण्यासाठीही पुरावा लागू लागला.

माझे म्हणणे एवढेच आहे की पाण्याचा आणि जमिनीच्या मालकीचा संबंध तोडला पाहिजे. झोपडी अधिकृत की अनधिकृत, जमीन कलेक्टरची की बंदराची की रेल्वेची, हे प्रश्न ज्या त्या कायद्याने ज्या त्या वेळी सोडवावेत. तोवर तिथल्या माणसाने काय प्यायचे, हा प्रश्न त्यात अडकवून ठेवू नये. जगभर गरिबांच्या पाण्याची चर्चा निघाली की पैसा नाही, पाणी नाही, तंत्र नाही असे सांगितले जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२५ सालच्या अहवालानुसार आजही २१० कोटी लोकांना सुरक्षित पिण्याचे पाणी मिळत नाही आणि ३४० कोटींना सुरक्षित स्वच्छतागृह नाही. वाळवंटातल्या गावाला पाणी नाही हे समजते. पण यातली कितीतरी माणसे मोठ्या जलवाहिनीपासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांच्या बाबतीत अडते ते कागदावर.

कौला बंदरचे उदाहरण घेऊ. रे रोडजवळ, दारूखान्याच्या बाजूला, बंदर प्रशासनाच्या म्हणजे केंद्र सरकारच्या जमिनीवर ही वस्ती उभी आहे. ती कधी अधिसूचित झाली नाही, म्हणजे सरकारने तिला झोपडपट्टी म्हणून अधिकृतपणे जाहीर केले नाही, म्हणून महापालिकेचे नळ नाहीत. पाणी मिळते ते खाजगी माणसांकडून : कुठून तरी जलवाहिनीला मोटर लावायची, लांबच लांब रबरी पाइप टाकायचे आणि घराघरातली पिंपे भरून द्यायची. ‘पुकार’ या संस्थेच्या संशोधकांनी इथे केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की इथली कुटुंबे पाण्यासाठी महापालिकेच्या दराच्या ५२ ते २०६ पट पैसे मोजत होती. आकडा दोनदा वाचावा असा आहे. काही ऋतूंत तर ९५ टक्के घरांत माणशी पन्नास लिटरही पाणी येत नव्हते.

पैशाइतकीच वाईट गोष्ट पुढे आहे. पावसाळा सोडला तर पाइपातून येणारे पाणी तपासणीत बरेच स्वच्छ निघाले. पण तेच पाणी घरातल्या पिंपात साठवल्यावर प्रत्येक ऋतूत दूषित आढळले. म्हणजे तिथल्या बाईने भरपूर पैसे देऊन चांगले पाणी विकत घेतले, आणि ते पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे साठवून ठेवले म्हणून खराब झाले. अशा घरात मूल जुलाबाने आजारी पडले की आपण काय सांगतो? हात धुवा, पाणी उकळा, भांडे झाका. सल्ला चुकीचा नाही. पण रोज ठरल्या वेळी येणाऱ्या नळाने जे काम आपोआप होते, ते काम आपण त्या आईच्या अंगावर टाकून मोकळे होतो. घाणेरडे पाणी, शौचालयाचा अभाव आणि हात धुण्याची सोय नसणे यांमुळे जगात वर्षाला सुमारे १४ लाख माणसे मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ती माणसे पाणी उकळायला विसरली म्हणून मेलेली नाहीत.

गरिबांना फुकट हवे असते, हा समज आमच्यासारख्या नळ सोडला की पाणी येणाऱ्या घरांत खोलवर रुतलेला आहे. हिशेब करून बघावा. वीस लिटरचा कॅन वीस रुपयांना घेतला तर हजार लिटरला हजार रुपये पडतात. झोपडपट्टीसाठी महापालिकेचा दर हजार लिटरला पाच रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे वस्तीतला माणूस पाण्यासाठी पैसे देतोच आहे, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त देतो आहे. फक्त ते महापालिकेच्या तिजोरीत जात नाहीत. मोटरवाल्याकडे, टँकरवाल्याकडे आणि त्यांना सांभाळून घेणाऱ्यांकडे जातात. नळ नाकारल्याने शहराचे पाणी वाचत नाही, कारण ते त्याच जलवाहिनीतून चोरून जातेच. बुडते ते उत्पन्न, आणि आपण ज्याला पाणीमाफिया म्हणतो त्याला आयते गिऱ्हाईक मिळते.

बरे, शहराकडे पाणी नाही असे म्हणावे तर तेही खरे नाही. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा या सात जलाशयांतून मुंबईला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी येते. अधिकृत नळाबाहेर वीस लाख माणसे आहेत असे धरू. महापालिका झोपडपट्टीसाठी माणशी ४५ लिटरचे माप लावते, इमारतींना लावते त्याच्या तिसरा हिस्सा. ते माप मला मान्य नाही, पण तेवढे जरी दिले तरी दिवसाला ९० दशलक्ष लिटर लागतील. एकूण पुरवठ्याचे अडीच टक्केसुद्धा नाहीत. गळती आणि चोरीत याच्या कितीतरी पट पाणी रोज जाते. ‘शहराची तहान’ म्हणून वाड्याच्या जंगलात ४४० दशलक्ष लिटरचे गारगाई धरण मागितले जाते तेव्हा त्या तहानेत झोपडपट्टीचे नाव पुढे करू नये. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत तिथल्या आदिवासी पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. त्यांच्या आणि कौला बंदरच्या बाईच्या मधून ती प्रचंड जलवाहिनी जाते, आणि दोघींच्या हंड्यात तिचे पाणी पडत नाही.

आता मुख्य आक्षेप. पाणी दिले की अतिक्रमणाला मान्यता मिळते, उद्या आणखी लोक येतील, आणि नियमाने भाडे-कर्ज भरून राहणाऱ्यांनी मूर्ख ठरायचे का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. हप्ते भरता भरता कंबर मोडलेली माणसे तो घेतात आणि त्यांचा राग खरा असतो. पण नळ आहे म्हणून कोणी गाव सोडून मुंबईत येत नाही. माणसे कामासाठी येतात, आणि आलेल्यांना परवडेल असे भाड्याचे घर या शहराने गेल्या कित्येक दशकांत फारसे बांधलेले नाही. १९९६ पासून पाणी नाकारून पाहिले, त्याने वस्त्या थांबल्या का? थांबल्या नाहीत, फक्त त्यांतली मुले जास्त आजारी पडली. ज्या उपायाने रोग हटत नाही आणि रोगी मात्र खंगतो, तो उपाय सोडून द्यायला आणखी किती वर्षे हवीत?

हाच आक्षेप सरकारने उच्च न्यायालयातही घेतला होता. पाणी हक्क समितीच्या जनहित याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : पाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि माणूस बेकायदा झोपडीत राहतो एवढ्यासाठी तो नाकारता येणार नाही. न्यायालयाने तोल सांभाळला होता. अधिकृत घरांएवढेच पाणी द्या असे म्हटले नाही, दर जास्त लावायला मोकळीक ठेवली, घरोघरी नळ नको असेल तर कोपऱ्यावर सार्वजनिक नळ आणि पैसे भरलेले कार्ड अशीही वाट दाखवली. पाणी मिळाले म्हणून जमिनीवर हक्क मिळत नाही, हे तर सरळच आहे. म्हणजे नियमाने राहणाऱ्यांच्या मनातली जवळजवळ प्रत्येक शंका त्या निकालात आधीच मिटवलेली होती.

मग धोरण आले, आणि धोरणात अपवाद आले. पदपथावरच्या झोपड्या वगळा, प्रकल्पाच्या जागेवरच्या वगळा, खाजगी जमीनमालकाची हरकत असेल तिथे थांबा, केंद्राच्या जमिनीवर असाल तर त्या खात्याचा ना हरकत दाखला आणा. जे खाते तुम्हाला हटवायला बसले आहे, त्याच्याकडून नळासाठी दाखला आणायचा. मे २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ असे नवे धोरण जाहीर झाले. नाव चांगले आहे आणि हेतूही चांगला होता असे मी मानतो. पण वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर अर्ज गेला की अजूनही पहिला प्रश्न ‘जागा कोणाची?’ हाच असतो.

हा प्रश्न ऐकला की मला महाड आठवते. चवदार तळ्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, पण तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, पाठोपाठ महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. कागदावर सगळे झाले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले आणि त्यासाठी परतताना लोकांनी मार खाल्ला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा विरोधक दिवाणी न्यायालयात गेले. त्यांनी तिथे काय मांडले? तळे सार्वजनिक नाही, खाजगी मालकीचे आहे. त्यावर मनाई हुकूम मिळाला. पाण्याला शिवू द्यायचे नाही हे मनातले कारण, पण कोर्टातले कारण जमिनीच्या मालकीचे. तो वाद १९३७ साली उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने संपायला दहा वर्षे गेली.

दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही. वॉर्ड ऑफिसातला कारकून कोणाला विटाळ मानून अर्ज परत करत नाही. पण मुंबईच्या बिनपाण्याच्या वस्त्यांत फिरल्यावर तिथे कोण राहते हे दिसते : दलित, मुस्लिम, भटके, दुष्काळी जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे. ज्यांच्या हाती जमीन कधी नव्हतीच त्यांना पाणी जमिनीच्या कागदावर द्यायचे ठरवले, की निकाल आधीच लागलेला असतो. त्यासाठी कोणाच्या मनात द्वेष असण्याचीही गरज उरत नाही.

मालकांच्या हाती पाण्याचा निर्णय सोपवला की काय होते, याचा एक दाखला जर्मनीतला आहे. हॅम्बुर्ग हे श्रीमंत बंदर. एल्ब नदीचे पाणी न गाळता शहराला दिले जाई. गाळणी केंद्र हवे हे सगळ्यांना कळत होते, पण खर्च कोणी सोसायचा यावर घरमालकांचे वर्चस्व असलेल्या सभागृहात वर्षानुवर्षे घोळ चालला. १८९२ च्या उन्हाळ्यात पटकी म्हणजे कॉलरा आला आणि काही आठवड्यांत आठ हजारांहून अधिक माणसे गेली. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे, हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे पाणी घेत होते, पण गाळून घेत होते. ते जवळपास वाचले. पुढच्याच वर्षी हॅम्बुर्गचे गाळणी केंद्र सुरू झाले.

आणि उलट टोकाचे उदाहरण कंबोडियाचे आहे, यादवीने पिळून निघालेल्या देशाचे. १९९३ साली नॉम पेन्हच्या पाणीपुरवठ्यातले ७२ टक्के पाणी गळतीत आणि चोरीत जात होते, शहराच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याला नळाचे पाणी मिळे. बाकीचे फेरीवाल्यांकडून विकत घेत. ‘एक सोन चान’ असे पूर्ण नाव असलेल्या अभियंत्याने त्या खात्याची सूत्रे हाती घेतली. त्यांनी आधी स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या बेकायदा जोडण्या शोधल्या, मीटर बसवले, आणि बिल थकवणाऱ्या बड्या लोकांच्या दारात गेले. एका लष्करी अधिकाऱ्याने त्यांच्यावर पिस्तूल रोखले, तर ते सशस्त्र पोलीस घेऊन परत गेले आणि नळ तोडून आले. दुसरीकडे गरीब घरांना जोडणीच्या खर्चात सवलत दिली, अगदी गरिबांना पूर्ण माफी आणि बाकीच्यांना हप्ते. गळती सहा टक्क्यांच्या आसपास आली, चोवीस तास पाणी सुरू झाले. चान यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो : कडकपणा वरून सुरू झाला आणि सवलत खालून. आपल्याकडे वस्तीतल्या मोटरी आणि पाइप जप्त करण्यापासून कारवाई सुरू होते.

शौचालयाची गोष्ट पाण्यापासून वेगळी काढता येत नाही, कारण बिनपाण्याचे शौचालय चार दिवसांत बंद पडते. आणि इथेही आपली मोजणी इमारतीची चालते. स्वच्छ भारत अभियानाच्या मापाप्रमाणे सामूहिक शौचालयात पस्तीस पुरुषांमागे एक आणि पंचवीस बायकांमागे एक शौचकूप हवे. हे माप गाठले तरी पहाटेचा हिशेब करून बघा : पंचवीस बायका, प्रत्येकीला पाच मिनिटे, दोन तासांहून जास्त. तेवढ्यात कोणाला कामाचे घर गाठायचे आहे, कोणाला मुलाला शाळेत सोडायचे आहे. म्हणून रांग टाळण्यासाठी बायका पाणी कमी पितात. पाण्यासाठी आयुष्यभर पैसे मोजायचे आणि मिळालेले पाणीही पोटभर प्यायचे नाही.

घरात शौचालय हाच यावरचा खरा उपाय आहे आणि तो झोपडपट्टीत अशक्य नाही, हे पुण्याच्या ‘शेल्टर असोसिएट्स’ने दाखवले आहे. वस्तीचा घराघराचा नकाशा करायचा, ड्रेनेजची लाइन कुठून जाते ते बघायचे, सामान दारात आणून द्यायचे आणि बांधकाम कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने करायचे. ‘एक घर एक शौचालय’ ही त्यांची पद्धत पुण्यासोबत कोल्हापूर, ठाणे अशा शहरांतही गेली. कराचीच्या ओरंगीत अख्तर हमीद खान यांनी १९८० पासून हेच केले होते. गल्लीतल्या वीस-तीस घरांनी वर्गणी काढून गल्लीचे गटार स्वतः टाकायचे आणि मोठ्या नाल्याची जबाबदारी सरकारने घ्यायची. लोक आपल्या गल्लीत पैसा घालतात. पण गल्लीबाहेरची मुख्य वाहिनी कोणतीही गल्ली एकटी टाकू शकत नाही. ती सरकारलाच टाकावी लागते, आणि आपल्याकडे नेमकी तीच राहून जाते. मग शौचालयाखाली सेप्टिक टँक येतो, तो भरतो, आणि कोणीतरी आत उतरतो.

त्या उतरणाऱ्याबद्दल बोलल्याशिवाय स्वच्छतेवरचा कोणताही लेख पुरा होत नाही. माणसाला हाताने मैला उपसायला लावण्यावर बंदी घालणारा १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा त्याहून कडक कायदा आहे. मृत्यू झाल्यास दहा लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. तरी टाकीत गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या येतात, मरणारे बहुतेक त्याच जातींतले असतात आणि गुन्हा ठेकेदाराच्या मुकादमावर दाखल होतो. शौचालय बांधण्याच्या खर्चात टाकी यंत्राने उपसण्याचा खर्च धरला जात नाही, तोवर आपण एका गरिबाची सोय दुसऱ्या गरिबाच्या फुफ्फुसांवर करत राहणार.

पैसा लागेल, मनुष्यबळ लागेल हे मान्य. पण पहिल्या पायरीला यातले फार काही लागत नाही. जमीन बंदराची असो, रेल्वेची असो, वनखात्याची असो, वस्तीच्या तोंडाशी एक रस्ता असतो आणि तो बहुतेक ठिकाणी महापालिकेचाच असतो. त्या रस्त्याखालून जलवाहिनी गेलेली असते, त्याच वाहिनीतून आज रात्री कोणीतरी मोटर लावून पाणी ओढणार आहे. त्या कडेला मीटर लावलेला सार्वजनिक नळ बसवायचा, त्याची वेळ ठरवून फळ्यावर लिहायची, पैसे घ्यायचे आणि पावती द्यायची. उच्च न्यायालयाने ही वाट २०१४ सालीच दाखवून ठेवली आहे. तिथे नळ बसवायला कोणत्याही खात्याचा ना हरकत दाखला लागू नये, आणि त्याखाली हंडा लावणाऱ्या बाईला कोणत्या साली आलीस असे कोणी विचारू नये.